रेषेवर पडलेला बॉल

आमच्या गल्लीत माझ्याबद्दल असा समज आहे की मी दिवसभर घरात बसून टीव्ही बघते आणि त्याचा मला पगार मिळतो. समज फारसा चुकीचा नाही. टीव्हीच्या जागी कॉम्प्युटर आहे एवढंच, आणि त्याच्यावर कायम फुटबॉलची मॅच चालू असते. तीही मी सरळ बघत नाही. थोडी पुढे नेते, थोडी मागे आणते, पुन्हा तोच तुकडा लावते. समोरच्या काकू एकदा खिडकीतून बराच वेळ हे बघत उभ्या होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. म्हणाल्या, "महादेवी, तुझा टीव्ही अडकतोय की गं. आमचा केबलवाला पाठवू का?"

माझं काम टीम वाचण्याचं आहे. पुण्यातली एक कंपनी मला मॅचचे व्हिडिओ पाठवते. मी ते बघून त्या टीमच्या जमेच्या बाजू कोणत्या, कच्च्या बाजू कोणत्या, हे लिहून देते. ज्यांना त्या टीमशी पुढे खेळायचं असतं ते माझा रिपोर्ट घेतात. कधी एखादी टीम स्वतःचाच करून घेते, पण ते कमी. आपला कच्चेपणा दुसऱ्याकडून ऐकून घ्यायला फारसं कुणी उत्सुक नसतं. पुण्याच्या ऑफिसात माझं नाव माधवी आहे. पहिल्या दिवशी कुणीतरी चुकून तसं टाईप केलं, मी दोनदा दुरुस्त केलं, नंतर सोडून दिलं.

कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या टीमची गोलकीपर होते. वडील अक्कलकोटचे, शेंगांचा व्यापार, घरात सगळी कन्नड बोलणारी. मुलगी चड्डी घालून मातीत उड्या मारते हे त्यांना कधी पटलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही. गुडघा गेला आणि खेळ संपला. कीपर असल्याचा एक फायदा मात्र राहिला. बाकीचे खेळाडू बॉलच्या मागे धावतात, कीपरला मॅचचा बराचसा वेळ उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघावा लागतो. सगळं मैदान त्याच्यासमोर असतं. बॉल ज्याच्या पायात आहे त्याच्याकडे सगळे बघतात, आणि खरी गोष्ट बाकीचे कुठे उभे आहेत त्यात असते, हे मला गोलात उभं राहूनच कळलं. आजही माझं काम तेवढंच आहे. बॉल सोडून बाकीच्यांकडे बघायचं.

लोकांना वाटतं, कच्ची बाजू म्हणजे एखादा वाईट खेळाडू. तसं क्वचित असतं. बहुतेक वेळा ती दोन चांगल्या खेळाडूंच्या मधे असते. उजव्या कडेला बचाव करणारा बॅक उत्तम, त्याच्या पुढचा विंगरही उत्तम, पण दोघांनाही पुढे जायची हौस. दोघे एकदम पुढे गेले की मागे एक मोकळं अंगण राहतं. आपण त्या अंगणात बॉल टाकायचा. यात जादू काही नाही. फक्त दोघांनी एकदम जाण्याची वेळ कोणती, हे पकडायला तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघावा लागतो, आणि काकूंना टीव्ही अडकल्यासारखा वाटतो.

पण एखादा खेळाडूच कच्ची बाजू असतो असंही होतं. सांगोल्याकडच्या एका डाळिंबवाल्या बागायतदारांनी गावच्या पोरांची टीम बांधली होती. बूट, कपडे, जेवण सगळं त्यांचं. त्यांनी मला स्वतःच्याच टीमचा रिपोर्ट करायला बोलावलं, याचं मला कौतुक वाटलं. मॅच बघितली. टीम चांगली होती, फक्त मधोमध खेळणारा कॅप्टन पायात आलेला बॉल सोडत नव्हता. सगळी टीम त्याच्यापाशी येऊन थांबायची. कॅप्टन हा बागायतदारांचा मुलगा होता. मी लिहायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं असावं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, कच्चं हाय ते सगळं लिवा की. फकस्त माज्या पोराचं नाव नगं." मी नाव लिहिलं नाही. 'आठ नंबर' असं लिहिलं. त्यांनी डाळिंबाची पेटी दिली आणि पुन्हा बोलावलं नाही.

ही झाली नेहमीची गिऱ्हाइकं. मला जी गोष्ट सांगायची आहे ती वेगळी आहे.

आपल्या शहरात संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरायच्या आधी थंडीत फुटबॉलची एक खुली स्पर्धा होते. कॉलेजं, क्लब, खात्यांच्या टीम, कुणीही उतरावं. गेल्या खेपेला त्यात पहिल्यांदाच कर्णबधिरांची एक टीम उतरली. सगळे विशीतिशीतले, कामधंदा करणारे. त्यांच्या अर्जावर आयोजकांत बरीच चर्चा झाली म्हणे. यांना शिट्टी ऐकू येणार नाही, कुणाला लागलं तर जबाबदार कोण, असा काही क्लबांचा आक्षेप होता. शेवटी रेफ्रीनं शिट्टीबरोबर हातात झेंडाही घ्यायचा आणि एक वर्ष बघायचं, असं ठरलं. यंदा नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी, नाहीतर नाही.

टीम नुसती उतरली नाही, जिंकत सुटली. उपांत्य सामन्याआधीची एक फेरी उरली होती आणि त्या फेरीतून पुढे आलेच तर त्यांची गाठ रफिक सरांच्या कॉलेजशी पडणार होती.

रफिक सर एका कॉलेजात खेळ शिकवतात. आम्ही एकाच काळात, एकाच मैदानावर खेळलेलो. माझ्याशी मराठीत बोलतात, मनाविरुद्ध काही घडत असलं की घरची दखनी मधे येते. ते घरी आले, खुर्चीवर बसले आणि चहाला हात लावेनात. त्यांना संस्थेतून बोलावणं आलं होतं. ही टीम समोर आलीच तर जरा सांभाळून घ्या, असं तिथे त्यांना सांगितलं गेलं. हरा असं कुणी म्हणालं नव्हतं. पण हरलात तरी कुणी विचारणार नाही, उलट पेपरात फोटो चांगला येईल, असं मात्र म्हणालं होतं. मुलांच्याही कानावर ते गेलं होतं. मुलं चांगल्या मनाची, त्यांना ते पटलंही होतं.

"मॅडम, रिपोर्ट करना की नै, वही पूछने आया," सर म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या टीमबद्दल मी हे विचारलं नसतं, तेच मला आवडत नाहीये."

आधी मॅच बघते, मग सांगते, असं मी म्हणाले.

मॅचला जाताना माझ्या डोक्यात एक अंदाज तयार होता, आणि तो कुणाच्याही डोक्यात आला असता. फुटबॉल हा ओरडण्याचा खेळ आहे. ज्याच्या पायात बॉल आहे त्याची नजर खाली असते, मागून कोण येतंय ते त्याला त्याचे सोबती ओरडून सांगतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या अंगावर मागून गेलं की बॉल मिळाला. रिपोर्ट जवळजवळ लिहून झाला होता म्हणायला हरकत नाही.

मैदानावर तो अंदाज लगेच गळून पडला. समोरची टीम तेच करत होती, मागून धावून जात होती, आणि दर वेळी बॉल आधीच निघून गेलेला असायचा. मी बॉल सोडला आणि माना बघायला लागले. त्या टीममधला प्रत्येक जण, बॉल आपल्याकडे यायच्या आधी, डावीउजवीकडे मान वळवून बघून घेत होता. सगळे, सतत. मोठमोठ्या क्लबांत प्रशिक्षक ज्या सवयीसाठी वर्षानुवर्षं डोकं फोडतात ती सवय या अकरा जणांच्या अंगात होती. चिडवाचिडवीचा त्यांच्यावर परिणाम नव्हता. आणि बचावाची सगळी फळी एका माणसाच्या हाताकडे बघून हलत होती. तो म्हणजे त्यांचा कॅप्टन आणि स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, श्रीनिवास. त्यानं हात वर केला की चौघे पुढे, खाली केला की चौघे मागे.

कडेला एक बाई बसल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या आणि औषधाची पेटी घेऊन. ती श्रीनिवासची मोठी बहीण, लक्ष्मी. शहराच्या पूर्वभागातलं तेलुगू बोलणारं विणकर घर. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला, आणि टीमचे कपडे तिनंच शिवलेले. श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात मागावर. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि कोण आहे ते सांगितलं. तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, मागाच्या खडखडाटात तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे हातानंच बोलतात. तिथे तो इतरांसारखाच आहे. बाहेर आला की बहिरा होतो.

मॅच ते जिंकले. मी व्हिडिओ घेऊन घरी आले आणि बसले. जमेच्या बाजू भराभर लिहून झाल्या, पहिली अर्थात मान वळवून बघण्याची. कच्ची बाजू सापडेना. मग मी स्वतःला त्यांच्या गोलात उभं केलं, आणि तेव्हा सापडली.

गोलसमोर जमिनीवर दोन चौकोन आखलेले असतात, एक मोठा आणि त्याच्या पोटात एक लहान. बाजूनं उंच बॉल आला की तो घ्यायला कीपर पुढे येतो आणि स्टॉपर मागे येतो. दोघांनाही तो हवा असतो. अशा वेळी कीपर जीव खाऊन "कीपर" म्हणून ओरडतो आणि स्टॉपर बाजूला होतो. माझा गळा मॅचनंतर दोन दिवस बसलेला असायचा तो या एका शब्दानं. यांना ती हाक नाही. म्हणून त्यांनी नियम केलेला दिसत होता. बॉल लहान चौकोनात पडणार असेल तर कीपरचा, बाहेर पडणार असेल तर श्रीनिवासचा. चांगला नियम होता. पण बॉल बरोबर त्या रेषेवरच पडला तर? व्हिडिओत तसं एकदा झालं होतं. दोघेही क्षणभर थांबले होते, समोरच्याच्या ते लक्षात आलं नव्हतं म्हणून निभावलं.

मी ते रिपोर्टात लिहिलं. लहान चौकोनाच्या रेषेवर उंच बॉल टाका.

रफिक सरांनी वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, हे मी मुलांना सांगणार नाही. त्यांचं म्हणणं मी समजू शकत होते. इतर कच्च्या बाजू खेळातल्या असतात, ही त्यांच्या कानातली होती. तिच्यावर मारायचं म्हणजे जिथे दुखतं तिथेच मारायचं. मी म्हणाले, कीपर बुटका असला की आपण उंच मारतो. तेव्हा त्याच्या उंचीची दया येत नाही आपल्याला. सर म्हणाले, "वो अलग है." का वेगळं, ते त्यांना सांगता येईना, आणि वेगळं का नाही, ते मलाही नीट सांगता येईना. माझं काम रिपोर्ट देण्याचं. वापरायचा की नाही ते सरांनी ठरवायचं होतं. कागद तसाच उलटा टेबलावर ठेवून ते गेले, मग परत येऊन खिशात घालून घेऊन गेले.

उपांत्य सामन्याला मैदान भरलं होतं. लोकांना शिकवलं होतं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून हलवायचे. निम्मं मैदान हात हलवत होतं. रफिक सरांची मुलं खेळत होती, पण कशी, तर पाहुण्यांच्या घरी जेवायला बसल्यासारखी. अंगावर जात नव्हती, बॉल सुटला तर मागे धावत नव्हती. श्रीनिवासच्या टीमनं एक गोल केला. पहिला अर्धा वेळ संपायच्या सुमारास कॉलेजच्या एका मुलाला मोकळा गोल दिसत होता आणि त्यानं बॉल सावकाश बाहेर घालवला. ते मला दिसलं, सरांना दिसलं, आणि श्रीनिवासलाही दिसलं. तो त्या मुलाकडे बघत उभा राहिला. मग त्यानं दोन्ही हात पसरले. ती खूण समजायला बहिणीची गरज नव्हती. हे काय चाललंय, असं तो विचारत होता.

मध्यंतरात सर गॅलरीत माझ्याकडे आले. खूप थकलेले दिसत होते. त्यांनी विचारलं, "तुम्हाला नक्की खात्री आहे, त्या रेषेबद्दल?"

मी म्हणाले, आहे.

ते खाली गेले आणि मुलांना गोळा केलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ फक्त तेच बोलत होते.

दुसऱ्या अर्ध्यात तीच मुलं वेगळी होती. बाजूनं टाकलेला पहिला क्रॉस फसला. दुसरा बाजूनं उंच आला आणि बरोबर रेषेच्या आसपास उतरायला लागला. कीपर पुढे झेपावला, श्रीनिवास मागे धावला, दोघे एकमेकांवर आदळले आणि बॉल कॉलेजच्या पुढच्या खेळाडूच्या डोक्याला लागून आत गेला. श्रीनिवास उठला तेव्हा भुवई फाटून चेहरा रक्तानं भरला होता. लक्ष्मी पेटी घेऊन धावली. पट्टी बांधून तो पुन्हा खेळायला आला. मैदानात कुजबूज चालू झाली. लोकांना कॉलेजचा राग आला होता, कुणीतरी लाज वाटू द्या असंही ओरडलं. पण सरांनी मुलांना थांबवलं नाही. थोड्या वेळानं तसाच आणखी एक बॉल आला, तसाच गोल झाला, आणि कॉलेज जिंकलं.

जिंकलेली मुलं खाली माना घालून बाहेर गेली. हात हलवणारे लोक हरलेल्या टीमसाठी हात हलवत राहिले. मी गॅलरीत बसून होते. माझा रिपोर्ट तंतोतंत खरा ठरला होता, आणि इतर वेळी अशा संध्याकाळी मी वाटेत थांबून काहीतरी चांगलं खाऊन घरी जाते. त्या दिवशी सरळ घरी गेले.

आठवड्याभरात दाराची बेल वाजली. लक्ष्मी होती, मागे श्रीनिवास, भुवईवर टाक्यांची पट्टी. रफिक सरांनीच त्यांना माझा पत्ता दिला होता. ते दवाखान्यात त्याला भेटायला गेले तेव्हा त्यानं विचारलं की हे तुम्हाला कुणी दाखवलं, आणि सरांनी सरळ सांगून टाकलं. मी त्यांना आत घेतलं. काय ऐकावं लागणार याचा अंदाज करत पाणी आणलं.

श्रीनिवास पाणी प्यायला आणि हातानं बोलायला लागला. लक्ष्मी थोडं मागे राहून सांगत होती.

"तो म्हणतोय, आम्हाला समदे शाबास म्हणतात. हरलो तरी शाबास, जिंकलो तरी शाबास. कुठं चुकतंय ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. तुम्ही लिहिलंय ते दाखवा."

मी रिपोर्ट दाखवला. शाळेत मराठी शिकलेला, त्यामुळे त्यानं स्वतःच वाचला, सावकाश, दोनदा. मग मान हलवली. नकाराची.

मला वाटलं त्याला राग आलाय. तसं नव्हतं. त्यानं कॉम्प्युटरकडे बोट केलं. मी उपांत्य सामन्याचा तो तुकडा लावला. क्रॉस यायच्या आधीच त्यानं हात वर करून थांबवायला सांगितलं. मग बोट पडद्यावर ठेवलं, स्वतःच्या डोक्यावर. पडद्यावरचा श्रीनिवास मान वळवून मागे बघत होता. कीपर कुठे आहे ते बघत होता. नंतर त्यानं बोट थोडं पुढे सरकवलं. कॉलेजचा पुढचा खेळाडू. मी व्हिडिओ हळूहळू पुढे सोडला. श्रीनिवासची मान मागे वळली त्या क्षणी तो खेळाडू त्याच्या दुसऱ्या बाजूनं निसटला होता. श्रीनिवास परत पुढे बघेपर्यंत उशीर झालेला. म्हणून तो आंधळ्यासारखा धावला आणि कीपरवर आदळला.

दुसरा गोल लावला. तेच होतं.

"तो म्हणतोय, रेषेचं काही न्हाई," लक्ष्मी म्हणाली. "बॉल रेषेच्या आत पडला असता तरी गोलच झाला असता. कारण हा मागं बघतो. त्याला माहीत हाय ते. पण मागं नाही बघितलं तर कीपर कुठं हाय ते कसं कळणार, ते त्याला सुचत नाही. त्याच्यासाठी आलाय."

मी माझा रिपोर्ट पुन्हा बघितला. मान वळवून बघणं मी जमेच्या बाजूंत पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं. तिथेच भोक होतं, आणि मी ते शाबासकीच्या बाजूला मांडलं होतं. सरांनी मला खात्री आहे का विचारलं, मी आहे म्हणाले, गोल झाले, सगळं खरं, पण माझं कारण चुकीचं होतं. आमच्या धंद्यात उत्तर बरोबर आलं की कारण कुणी तपासत नाही. मीही तपासलं नसतं.

त्या दुपारी आम्ही तिघं बराच वेळ बसलो. उपाय मात्र माझ्याकडे होता, कारण तो कीपरचा होता. मी म्हणाले, जमिनीवरची रेष सोडून द्या. रेष म्हणजे तुझी पाठ. तुझ्या पाठीमागे पडणारा प्रत्येक बॉल कीपरचा, कुठेही पडो, तू मागे बघायचंच नाही. मात्र कीपरला आत्तापेक्षा बराच पुढे उभं राहावं लागेल आणि डोक्यावरून एखादा गोल खावा लागेल. श्रीनिवासनं ते ऐकलं, म्हणजे लक्ष्मीच्या हातांकडे बघितलं. मग काहीतरी म्हणाला. लक्ष्मी हसली आणि सांगेना. मी आग्रह केल्यावर म्हणाली, "तो म्हणतोय, कीपरवर एवढा भरवसा ठेवायचा तर त्याला आधी नीट बूट घेऊन द्यावे लागतील."

निघताना त्यानं एक गोष्ट स्वतःहून सांगितली. भुवईचं त्याला काही वाटलं नव्हतं. पहिल्या अर्ध्यात त्या मुलानं जो बॉल मुद्दाम बाहेर घालवला तो त्याला रात्रभर आठवत होता. रेषेवरचे बॉल यायला लागले तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, कारण आता हे खरे खेळतायत हे कळलं. हे लक्ष्मीनं सांगताना तिचा आवाज जरा बदलला. तिला स्वतःला ते पटलेलं दिसत नव्हतं. भाऊ रक्तबंबाळ झालेला तिनं बघितला होता. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, चप्पल घातली आणि जिना उतरली.

त्यानंतर तो येत राहिला, सुरुवातीला बहिणीबरोबर, मग एकटा. आम्ही मोबाईलवर टाईप करून बोलतो. कामाला आवाज लागतच नाही. मी व्हिडिओ नेहमी आवाज बंद करूनच बघते, कॉमेंट्री चालू असली की सगळं लक्ष बॉलकडे जातं. मी त्याला कंपनीचं काम दाखवलं, पुण्याला नमुना पाठवला. आता तो मागावरची पाळी सांभाळून कंपनीसाठी मॅच बघतो. त्याच्या पहिल्याच कामानंतर ऑफिसातून मला विचारणा आली की माधवीच्या जुन्या रिपोर्टमधल्या काही गोष्टी नव्या माणसाला मान्य नाहीत, काय करावं. मी कळवलं, त्याचं घ्या.

आयोजकांनी यंदाही त्यांच्या टीमचा अर्ज घेतला आहे. झेंड्याचा नियम कायम ठेवला, चर्चा फारशी झाली नाही म्हणे.

मागच्या महिन्यात रफिक सर आले. त्यांना या वेळी स्वतःच्या टीमचा रिपोर्ट हवा होता, आणि तो श्रीनिवासनं करावा अशी त्यांची इच्छा होती. त्यानं मुलांचे दोन सामने बघितले आणि लिहून दिलं. जमेच्या बाजूंची यादी लांब होती. कच्च्या बाजूंत एकच ओळ होती: 'हे एकमेकांना सारख्या हाका मारतात. हाक येणार म्हणून बघत नाहीत.'

सर कागद खिशात घालून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरावाला नियम केला की कुणी एक शब्दही बोलायचा नाही. मी आणि श्रीनिवास बघायला गेलो होतो. सुरुवातीला नुसता गोंधळ झाला. मुलं एकमेकांवर आदळत होती, बॉल कुणाचाच होत नव्हता, आणि सर स्वतःच ओरडू नये म्हणून तोंडावर हात धरून कडेनं फिरत होते. मग हळूहळू एकेकाची मान वळायला लागली.

मी मोबाईलवर टाईप केलं की महिन्या-दोन महिन्यांत याच टीमशी तुमची गाठ पडू शकते, आणि तू त्यांना हे सांगून बसलास. त्यानं वाचलं आणि उत्तर लिहून मोबाईल माझ्याकडे फिरवला.

'कच्ची बाजू एकच सांगितली. बाकीच्या लिहिल्या नाहीत.'

मी त्याला लिहिलं की गिऱ्हाइकाशी असं वागायचं नसतं. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागला. रफिक सरांना मी हे अजून सांगितलेलं नाही. स्पर्धेला अवकाश आहे, आणि ही गोष्ट ज्यात येतेय तो दिवाळी अंक त्यांच्याकडे दरवर्षी येतो.